साडीगार्ड

गार्ड हा शब्द आपण इतका वापरला, की तो इंग्रजी आहे हे विसरूनच गेलो. सोसायटीच्या दारात बसतो तो गार्ड, चिखल अडवतो तो मडगार्ड, फलंदाज स्टंपांसमोर उभा राहून घेतो तोही गार्डच. पण मला सगळ्यात आवडतो तो साडीगार्ड. पदर चाकात जाऊ नये म्हणून मोटारसायकलच्या मागच्या चाकालगत लावलेली ती जाळी. कुणाच्या तरी पदराची काळजी चक्क लोखंडात घडवलेली!

काल शेजारच्या नानांबरोबर गॅरेजात गेलो होतो. मेकॅनिक म्हणाला, "काका, साडीगार्ड पार गंजलाय. काढून टाकू का? आता कुणाला लागतो?"

काकूंना जाऊन वर्ष होत आलंय, हे त्याला कुठून ठाऊक असणार? नाना एवढंच म्हणाले, "असू दे. नट तेवढे आवळून दे."

मी टांग टाकून मागे बसलो. नानांनी किक मारली आणि मान जराशी डावीकडे वळवून, सवयीनं विचारलं, "पदर घेतलास ना नीट?"

पण गिअर टाकलाच नाही. गाडी नुसतीच थरथरत राहिली.

"घेतला, नाना," मी म्हणालो. "चला."