मांजरपाटाचं मडगार्ड

शिक्रापुरात चाकण रस्त्याला एक पत्र्याची शेड आहे. तिच्या अर्ध्या भागात इरशाद डेंटर गाड्यांचे पोचे काढतो आणि उरलेल्या अर्ध्यात, पडद्याआड, त्याची बायको शायना ब्लाऊज शिवते. गिऱ्हाईक बायकांना ठोकलेल्या दारांमधून आणि सुट्या बंपरांमधून साडी सावरत आत यावं लागतं. तरी येतात. शायनाच्या हातचं ब्लाऊज खांद्यावरून घसरत नाही, एवढं एक कारण त्यांना पुरतं.

शायनाचं माहेर दौंड तालुक्यातलं राहू. वडील आठवडे बाजारात मशीन घेऊन बसायचे आणि ती त्यांच्या पायाशी बसून काज-बटण करायची. माणसाकडे बघितलं की तिला आधी त्याचा एक खांदा कलता दिसतो, नाव-गाव नंतर. ही सवय बरी नव्हे असं तिची सासू म्हणायची. पण सासूच्या पाठीतला बाकही ब्लाऊजात लपवला तो शायनानेच.

मागच्या हिवाळ्यात राहूचाच सत्यजीत एक जुनी विलायती स्पोर्ट्‌स कार घेऊन आला. पन्नास वर्षांपूर्वीची, दोन सिटांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. घरी ऊस, दूध, दोन ट्रॅक्टर. मग माणसाला असले शौक सुचतात. त्याने तिला रुंद टायर बसवले होते आणि ते मडगार्डाबाहेर डोकावत होते. त्याला मडगार्डं रुंद करून हवी होती.

"पन नंतर बसवल्यावानी दिसाय नको, इरशादभाई," तो म्हणाला. "गाडी जन्मालाच अशी आली आसंल आसं वाटाय पायजे."

इरशाद हो म्हणाला खरा, पण त्याची पंचाईत झाली. तो चेपलेलं सरळ करणारा माणूस. जे होतं ते परत आणायला त्याचा हात बसलेला. जे कधी नव्हतंच ते आणायचं कुठून? त्याने तार वाकवून चाकावर सांगाडा केला, त्यावर पत्रा धरला आणि लांब उभा राहून बघितलं. शायना चहा घेऊन आली होती. तिनेही बघितलं.

"गळू आल्यावानी दिसतंय," ती म्हणाली.

"मग तू कर!"

तो वैतागून बोलला होता, पण तिने शब्द उचलला. अस्तर बेतायला आणलेलं मांजरपाट होतं, ते तिने गाडीवर टाकलं. पत्र्यात टाचण्या घुसत नाहीत, म्हणून जुन्या स्पीकरांतले लोहचुंबक लावून कापड जागच्या जागी धरलं आणि गाडीभोवती फिरत राहिली. इरशादला वाटत होतं, फुगवटा चाकापाशी सुरू करायचा. तिने तो दारापासून उचलला.

"फुगा जिथं दिसतो तिथनं सुरू होत न्हाई, अफरीनचे अब्बा," ती लेकीच्या नावाने नवऱ्याला हाक मारत म्हणाली. " लई अलीकडनं सुरू होतो. बाईच्या अंगाचंबी तसंच आसतंय."

कापड शिवून, कांजी करून तिने चाकावर बसवलं. वाळल्यावर ते ताठ उभं राहिलं आणि त्या बुटक्या गाडीला एकदम शड्डू ठोकून उठल्याचा आव आला. इरशादने हात मागे बांधून गाडीला एक फेरी मारली. हे फार छान झालंय हे त्याला कळलं होतं, आणि ते तोंडाने म्हणायची त्याला सवय नव्हती.

सत्यजीत बघायला आला तो खूश होऊन गाडीभोवती नाचायचाच बाकी राहिला. "भाई, हे तुमच्या डोक्यात आलं कुठनं?"

इरशादने हात पुसले. "येतंय. काम करता करता."

पडद्याआड मशीन थांबलं आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं. शायनाला राग आला नव्हता असं कोणी म्हणू नये. चांगला आला होता. पण गॅरेजमध्ये बायकोने माप घेतलं हे सांगायला पुरुषाची जीभ जड होते, हे तिला ठाऊक होतं. आजवर गिऱ्हाइकांनी आपल्या अंगावर मिरवलेल्या कामात तिचं नाव नव्हतंच. पण ब्लाऊज म्हणजे कोणाच्या तरी अंगाच्या मापाचं. हा आकार कोणाच्याच मापाचा नव्हता. तो तिने कुठेही न बघता काढला होता, आणि तो आपला आहे हे निदान एका माणसाला तरी माहीत असावं, असं तिला फार वाटत होतं.

तिने कापड उसवून त्यावरून खाकी कागदाचे नमुने कापून दिले आणि ती गिऱ्हाइकांच्या कामाला लागली. इरशादने ते गाडीवर ठेवून रेघ मारली आणि नवा रुंद पत्रा जोडायला मूळचं मडगार्ड त्या रेघेवर कापलं.

चूक झाली ती इथेच. शिवणीत जादा कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. शायनाने हाताच्या सवयीने चारी बाजूंनी अर्धा इंच माया ठेवली होती. इरशादनेही आपल्या सवयीने कडेला कड भिडवून कापलं. मडगार्ड हवं त्यापेक्षा अर्धा इंच वर कापलं गेलं आणि पुढच्या दिव्यापासून शेपटीपर्यंत जाणारी गाडीची ती देखणी रेघ मधेच तुटली.

"पत्र्याला कसली माया ठिवतीस?" इरशाद ओरडला. "पत्रा काय बाळंतपनानं जाडा व्हतोय?"

"तुमी इचारलं का?"

"तू सांगितलंस का?"

दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटेना.

दुसऱ्या दिवशी सत्यजीत आला. कापलेल्या कडेवर बोट फिरवताना त्याचा चेहरा उतरला. "ह्यो पत्रा आता कुठं मिळायचा, भाई? अख्ख्या देशात मिळायचा न्हाई."

"माप माझं चुकलं, दादा," इरशाद खाली मान घालून म्हणाला. "चूक माझी हाय."

तो तिला वाचवत होता. ते तिला पडद्याआड कळलं आणि तिचा जीव त्याच्यासाठी कळवळलाही. गप्प बसली असती तर सगळं त्याच्यावर निभावून गेलं असतं. पण शाबासकीही त्याची आणि चूकही त्याचीच. मग आपण या गाडीपाशी होतो तरी कुठे?

ती पडदा सारून बाहेर आली.

"माप माजं व्हतं, दादा. माया मी ठिवली."

"तू आत जा," इरशाद हळूच म्हणाला.

"न्हाई जात. चूक माजी हाय. ती तरी माज्या नावावर ऱ्हाऊ द्या."

सत्यजीत कधी तिच्याकडे बघे, कधी इरशादकडे. तिला तो लहानपणापासून आक्का म्हणायचा. आजीची ब्लाऊजं न्यायलाही येऊन गेला होता. "म्हंजी ते कापडाचं... त्येबी आक्कानं केलं?"

इरशादने मान वर केली. "तिनंच. समदं तिचंच हाय. मी नुस्ता पत्रा कापला."

सत्यजीत बोनेटला टेकून उभा राहिला. त्याला राग धरायचा होता, पण कोणावर धरावा ते कळेना. शेवटी म्हणाला, "मग आता काय करायचं, आक्का?"

शायनाने कापलेल्या कडेवर तळहात ठेवला. "कापड कमी पडलं की आमी जोडावर पायपिंग लावतो आन् फॅशन म्हनतो. जोड लपवायचा न्हाई. दारापासनं मागपातूर बारीक उठावाची पट्टी जाऊ द्या, दोन्ही अंगांनी. तुटलेल्या रेघेचं काम ती पट्टी करंल."

सत्यजीतने डोळे बारीक करून तिच्या बोटामागून ती पट्टी बघितली. मग मान हलवली.

इरशादने पत्रा उचलला, कात्री घेतली आणि थांबला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पत्र्याच्या कामात त्याने तिला कधी काही विचारलं नव्हतं.

"कुठनं सुरू करू?" त्याने विचारलं.