हन्नामावशीचे शेवटचे शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. प्रार्थनेत प्रभूसमोरही आडवळणानंच बोलते — जसं काही त्याला ठाऊकच नाही!

आधी मावशीविषयी सांगू दे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बाप्तिस्मा घेतला म्हणून नवऱ्यानं घराबाहेर काढलं, तेव्हा रोह्याजवळच्या वरसे गावात हन्नामावशीनं मला मागची खोली दिली. ती यहुदी; मुलगा इस्राएलला गेलेला, ही मात्र इथंच राहिलेली. किती केलं तिनं माझं! तापात उशाशी बसली. एलियाहू नबीच्या नावानं मलिदा केला की गुळाखोबऱ्याचे ते पोहे मला वाटीभर जास्तच वाढायची. तारणारा येऊन गेला, असं मी सांगायला लागले की हसायची. "तुझा आला, बरं झालं गो. माझा यायचा हाय. तू जेव आधी."

इतकी माया मला माहेरीही मिळाली नव्हती. आणि मी काय केलं?

एका दुपारी ती गेली. तिचा हात माझ्या हातात होता. ओठांवर शमा — देव एकच आहे, ही त्यांची प्रार्थना — अगदी स्पष्ट, शेवटच्या श्वासापर्यंत.

पुढच्या रविवारी पेणला आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायची — प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची — वेळ आली. प्रत्येकीकडे काहीतरी असायचं — कुणाचं दुखणं बरं झालेलं, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटलेली. माझी पाटी कायम कोरी. मी उठले. म्हणाले, मावशीनं शेवटी येशूचं नाव घेतलं. बायका रडल्या. पाळकांनी डोक्यावर हात ठेवला. मला बरं वाटलं — हो, फार बरं वाटलं.

वर्षभरानं तिचा मुलगा आला. "ताई, आई शेवटाला काय बोलली?" त्याला मी खरं सांगितलं. माझे हात धरून तो रडला. तेव्हा तरी शहाणपण सुचावं — नाही? त्याच रविवारी पाळकांनी पाहुण्यांसमोर मला पुन्हा उभं केलं, आणि मी तीच साक्ष पुन्हा दिली.

तारण कृपेनं मिळतं, कमाईनं नाही, असं आम्ही मानतो. त्या कृपेवर मी जगते, आणि मावशीच्या उपकारांवरही. दोन्हींसाठी रोज आभार मानते. पण जिनं माझ्या विश्वासाला आपल्या घरात जागा दिली, तिचा विश्वास मी तिच्या ओठांवरून पुसला. हन्नामावशी यहुदी म्हणून जगली, यहुदी म्हणूनच गेली. खोटं मी बोलले. दोनदा.