तोंडाळ सात नंबर

बोलायचं असलं की तो शाळेतल्या मुलासारखा हात वर करायचा. "सर, एक शंका आहे." मैदान असो, बस असो, की कोच साहेब डोळ्यांत साबण गेल्यामुळे न्हाणीघरात चाचपडत असोत. त्याचा हात वर गेला की सगळा संघ माना खाली घालायचा. हसू दाबायला तेवढीच जागा असायची.

दोह्यातल्या एका फुटबॉल क्लबात मी कपडे सांभाळायचो. मूळचा मी संगमनेरचा शिंपी. जर्सीवर नंबर शिवायचे, जर्सी धुवायच्या, सामन्याआधी खुंट्यांवर टांगायच्या. शिंप्याला तिकडे मास्टर म्हणतात, म्हणून मी मास्टर. तो सुदानहून आलेला काळा खेळाडू. पगारी. नंबर सात, म्हणजे उजव्या कडेने पळणारा. त्या काळी नंबर जागेवरून ठरायचा. आम्ही बोलायचो मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या अरबीत. इथे मराठीत लिहितो.

त्याला पळायचं नव्हतं. त्याला मैदानाच्या मधोमध खेळायचं होतं, जिथून बाकीच्यांना खेळवता येतं. पण आमचे इंग्रज कोच ठाम होते. "मधे डोकं लागतं. तुला देवाने पाय दिलेत. तू पाय चालव, तोंड नको."

मधे खेळायचा युरोपातून आणलेला एक गोरा. तो पंचांवर ओरडायचा, बाटल्या लाथाडायचा. कोच म्हणायचे, याच्यात नेतृत्वाचे गुण आहेत. लगेच हात वर.

"सर, एक शंका आहे. तो ओरडला की नेतृत्व, आणि मी विचारलं की तोंडाळपणा?"

त्या दिवशी कोचनी बजावलं, "मोसम संपेपर्यंत आणखी एक शंका काढलीस, तर पुढचा करार नाही. घरचं तिकीट."

पेपरवाले याहून पुढचे. एकाने त्याला विचारलं, "ही ताकद येते कुठून? तुमच्याकडे कच्चं मांस खातात ना?" हा गंभीर चेहरा करून म्हणाला, "मास्टरच्या खोलीवरचं पिवळं वरण. रोज दोन वाट्या." ते तसंच छापून आलं. पुढच्या आठवड्यात आमचा गोलकीपर रिकामा डबा घेऊन माझ्या दारात! मी जात्याच अपराधी मनाचा माणूस. दुसऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलं तरी वाटतं, आपलंच काही चुकलं. गोलकीपरला फोडणी देताना आपण संघाची फसवणूक करतोय, असं मला सारखं वाटत राहिलं.

संघात दुसरा काळा खेळाडू होता लंबू. नंबर नऊ. याच्यापेक्षा हातभर उंच, कपाळावर लहानपणीचा व्रण, आणि बोलणं म्हणाल तर दिवसाला दोन वाक्यं. तरी कोच दोघांत घोटाळा करायचे. मार लंबूला लागला की बर्फ याच्या गुडघ्यावर. तुम्ही माणसं निरखणारे आहात, तुम्हाला खोटं वाटेल. पण निरखायला आधी चेहऱ्याकडे बघावं लागतं, आणि कोच बघायचे जर्सीकडे.

हे त्याने हेरलं होतं. पुढचा करार न देण्याच्या धमकीनंतर तो कपड्यांच्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं.

"मास्टर, मला नऊ दे. लंबूला सात."

"वेडा आहेस का? माझी नोकरी जाईल!"

"कुणाला कळलं तर जाईल ना?"

सरावाला दोघे एकमेकांच्या जर्सीत उतरले. लंबू नेहमीप्रमाणे गप्प. कोच खूश. "सात नंबर, शाब्बास! बघ, तोंड बंद ठेवलं की कसा खेळ सुधारतो." लंबूने बुटाची नाडी बांधायला घेतली ती वर बघेचना. इकडे नऊ नंबरचा हात वर. "सर, एक शंका आहे." आम्ही सगळे गारठलो. कोचनी ऐकून घेतलं, मान डोलावली. "चांगला प्रश्न! शांत माणूस बोलतो तेव्हा त्यात अर्थ असतो."

गोलकीपर गोल सोडून कुंपणामागे हसायला गेला.

पुढे गोऱ्याचा घोटा मुरगळला. कोच म्हणाले, "शुक्रवारी मधे नऊ नंबर खेळेल. त्याला डोकं आहे."

शुक्रवारी मी पुन्हा जर्सी बदलून टांगल्या. तो मधे उभा राहिला आणि अख्खा सामना त्याने रिळावरच्या दोऱ्यासारखा हवा तसा सोडला, हवा तसा ओढला. आम्ही जिंकलो.

मग क्लबच्या दिवाणखान्यात अरबी कॉफीचा कहवा फिरला. तोवर मी दोघांना ज्याच्या त्याच्या नंबरची धुतलेली जर्सी दिली होती. क्लबचे मुदीर, म्हणजे सर्वेसर्वा, आले आणि त्यांनी लंबूला मिठी मारली. "आज हा डोक्याने खेळला!" कोच म्हणाले, "मी सांगितलंच होतं." लंबू गालिच्यावरची नक्षी बघत उभा.

मी मनात म्हणत होतो, गप्प बस रे. मधली जागा मिळाली आहे, पुढेही मिळेल. फक्त गप्प बस.

हात वर गेला.

"सर, एक शंका आहे. मधे मी खेळलो. मग मिठी त्याला का?"

कहव्याचा पेला कुणीतरी खाली ठेवला. मुदीर माझ्याकडे वळले. "मास्टर, हा काय प्रकार?"

माझी जीभ माझ्याआधी बोलली. "धुण्यात गडबड झाली साहेब. जर्सींची अदलाबदल झाली."

कोच तर हसायलाच लागले. मुदीर म्हणाले, "धुण्याची चूक! खलास, विषय संपला." आता त्याने नुसती मान हलवायची होती. पुढचा करार मिळाला असता.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, राग असता तर बरं झालं असतं.

"मास्टर माझा भाऊ आहे. पण त्याचं धुणं चुकत नाही. जर्सी मी मागून घेतल्या. जर्सी बदलल्या साहेब, आमचे चेहरे तेच होते."

करार झाला नाही. मला मात्र कुणी काढलं नाही. धुण्याची चूक सगळ्यांच्या सोयीची होती, म्हणून क्लबात तीच गोष्ट चालू राहिली.

जायच्या दिवशी मी आणि लंबू त्याला विमानतळावर सोडायला गेलो. वाटेत मी धीर करून म्हणालो, "मी घाबरून बोललो."

"कुणाला वाचवत होतास? मला, कोचला, की स्वतःला?"

"तिघांनाही."

तो इतका हसला की टॅक्सीवाल्याने आरशात पाहिलं. "एका धुण्यात तिघं! मास्टर, तुझ्या हाताला बरकत आहे."

आम्ही बाहेर तारेच्या कुंपणापाशी थांबलो. ऊन रणरणत होतं. माणसं रांगेने विमानाकडे चालली होती आणि पाठमोरा तो त्यांच्यात मिसळत चालला होता. एवढ्यात माझ्या शेजारी लंबू ओरडला. ज्याचा आवाज मी धड ऐकला नव्हता, तो तार दोन्ही मुठींत धरून जाणाऱ्याचं नाव घेऊन ओरडला. त्याचं, मग वडिलांचं, मग आजोबांचं. क्लबात कधी कुणी न घेतलेलं पूर्ण नाव, एकदा, दोनदा. रांगेतली माणसं थांबून बघू लागली. पोलीस आमच्याकडे यायला निघाला. लंबूने तिसऱ्यांदा नाव घेतलं.

तो वळला. हातातली बॅग खाली ठेवली आणि, एक शब्द न बोलता, ऐकत उभा राहिला.