धडधाकट संस्था

धानोऱ्याला आमचं वसतिगृह होतं. रानातल्या गावांची पोरं तिथं राहून शाळा शिकायची आणि त्यांना सांभाळायचं काम माझ्याकडे. एकोणीसशे पन्नासचं दशक ते. देश उभा राहत होता, मग संस्थेनं काय नुसतं बसून राहायचं?

पैसा आमच्याकडे कधीच नव्हता. धान होतं. सुगी झाली की पोरांचे मायबाप डोईवर टोपल्या घेऊन यायचे, आपल्या लेकराच्या वाटचं आमच्या बांबूच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, ओतायचे, अन् पोरं वर्षभर भात खायची. किती मागासलेला कारभार!

आमचे अध्यक्ष चांद्याचे वकील. वर्षातून एकदा येत, पण आले की संस्थेची नाडी बघत. म्हणाले, "सरकारी अनुदान पाहिजे ना? मग बँकेत रक्कम दिसली पाहिजे. धान कोण बघतो?"

दिसली ना रक्कम! भर सुगीत, धानाला कुत्रंही विचारत नव्हतं तेव्हा, अख्खी ढोली विकली. "वकीलसाहेब, पोरं खातील काय?" मी विचारलं. तर म्हणे, अनुदान आलं की घेऊ.

तपासणीला सरकारी साहेब आले. बँकेतली शिल्लक पाहून असे खूश झाले की काय सांगू! इतकी धडधाकट संस्था त्यांनी पाहिलीच नव्हती. अन् धडधाकटाला औषध कशाला, म्हणून अनुदान दुसऱ्या गरजू संस्थेला देऊन टाकलं. घ्या आता!

मी म्हटलं, बँकेतून काढा अन् धान घ्या. अध्यक्ष माझ्यावरच उखडले. साहेबांनी नावाजलेल्या शिल्लकेला हात लावायचा म्हणजे संस्थेचं नाक कापणं! असा संताप आला होता मला, पण सही त्यांची चालायची.

उसनवारीवर कसाबसा आषाढ गाठला; तोवर धानाचा भाव दुप्पट झाला, उसनंही मिळेना अन् आमची ढोली रिकामी. पोरांना घेऊन जा, असा निरोप गावोगाव धाडावा लागला. एक बाप नाले उतरून चिंब होऊन आला. त्याचं पोर नुकतंच वाचायला लागलं होतं.

"भाऊ, संस्था बुडाली का?"

"नाई गा. लय मजबूत आहे. बँकेत पैसा आहे."

"मंग लेकराले काऊन धाडून राह्यले?"

त्यानं पोराचं बोचकं उचललं, परत खाली ठेवलं.

"याच्या वाटचं धान त इथीच देलं होतं भाऊ. आता घरी याले काय खाऊ घालू?"