सदर वस्तू बंदूक नाही

बाबारावांच्या हातात पाइप फुटला. त्यांचा एक डोळा गेला. पाइप मिस्त्रींनी बनवला होता. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आमच्या कचेरीत आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

कचेरीत त्यांना उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते यायचे तेच खुर्ची ओढत. टेबलावरचा एखादा शासकीय आदेश उचलायचे, त्याची गुंडाळी करायचे आणि एक डोळा मिटून तिच्यातून खिडकीकडे पाहायचे; बंदुकीच्या नळीत गंज आहे का ते पाहतात, तसं. मग म्हणायचे, "उजेड दिसून राहिला ताई. म्हंजे रस्ता हाय."

रस्ता म्हणजे पळवाट. ती त्यांना प्रत्येक आदेशात दिसायची.

मी तेव्हा शस्त्र परवान्यांच्या शाखेत अव्वल कारकून होते. कचेरीचं नाव सांगत नाही. तुम्ही एखाद्या कचेरीत गेला असाल तर ती तीच होती असं समजा. मिस्त्रींचं दुकान अकोल्यात जठारपेठेत, बंदूक दुरुस्तीचं, वडिलांपासूनचं. गिऱ्हाईक म्हणजे पिकाच्या रक्षणासाठी परवाना घेतलेले शेतकरी, बँकांचे पहारेकरी, आणि काही अशी मंडळी, जी दसऱ्याला बंदूक कपाटातून काढत, मिस्त्रींकडून तेलपाणी करून घेत, तिला हळदकुंकू वाहत आणि पुन्हा कपाटात ठेवत. "ह्या बंदुका नाईत ताई," मिस्त्री म्हणायचे, "ह्या सुना हायेत. सनावाराले बाहेर, बाकी वर्षभर आत."

स्वतःच्या हुशारीबद्दल त्यांना अजिबात संकोच नव्हता. ठरावीक ताकदीच्या आतल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. मिस्त्री तशीच बंदूक विकायचे, अगदी नियमात बसणारी. शेजारच्या बरणीत मात्र बंदुकीचा जोर वाढवणाऱ्या जाड स्प्रिंगा ठेवलेल्या असायच्या. त्या वेगळ्या विकल्या जायच्या. गिऱ्हाईक घरी जाऊन काय करतं, हे मिस्त्री विचारत नसत. साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं.

"ह्या स्प्रिंगा कशासाठी ठेवता?"

"स्प्रिंगले बी परवाना लागते का साहेब? मंग सोफ्याले बी लावा. तुमच्या खुर्चीत बी हाय एक."

साहेब खुर्चीतल्या खुर्चीत थोडे सावरले आणि त्यांनी समिती नेमली. समितीतल्या कोणी आयुष्यात बंदूक हाताळली नव्हती, त्यामुळे निर्णय निःपक्षपाती होईल याची खात्री होती. सभासदांनी स्प्रिंगा आळीपाळीनं अंगठ्यानं दाबून पाहिल्या. एकाची स्प्रिंग निसटून पंख्यावर आदळली, तेव्हा ती घातक असल्याचं एकमतानं ठरलं. हवेच्या प्रत्येक बंदुकीला सील लावण्याचा आदेश निघाला. पुढे एकानं सील तोडलं, म्हणून छर्ऱ्यांवरही बंधन आलं. छर्ऱ्यांची डबी हवी तर आधार कार्डाची प्रत द्या, कारण सांगा. शेतकरी कारण सांगायचे, माकडं.

"माकडाचं बी आधार आना म्हना," मिस्त्री दुकानातून ओरडायचे. "कोनतं माकड, कोन्या गावचं, सारं लिवून द्या ताईले."

मसुदे मीच लिहीत असे. दर खेपेला मला वाटायचं, आता कुठे फट राहिली नाही. दर खेपेला मिस्त्री खुर्ची ओढत यायचे.

बाबाराव हे त्यांचे लहानपणापासूनचे सोबती. अकोटकडे त्यांची संत्र्याची बाग. मिस्त्रींच्या घरी ईदला शिरखुर्मा प्यायला पहिले बाबाराव, आणि बाबारावांच्या बागेतली पहिली टोपली मिस्त्रींकडे. दोघं एकमेकांशी सरळ बोललेले मी ऐकले नाहीत. बाबारावांकडे परवान्याची बंदूक होती. पण निवडणूक लागली की जिल्ह्यातल्या बंदुका ठाण्यात जमा होतात. निवडणुका काही थांबत नाहीत. ग्रामपंचायत झाली की बाजार समिती, ती झाली की आणखी काही. आचारसंहिता माकडांना समजत असावी. बंदूक ठाण्यात गेली की माकडं बागेत येत, आणि संत्र्याचा एकेक घास घेऊन बाकीचं फेकत.

"मिस्त्री, तू येवढा कायद्याचा बाप," बाबाराव म्हणाले, "मले एक असी बंदूक दे, जे बंदूक नाई."

मिस्त्रींनी दिली. जाड प्लॅस्टिकचा पाइप, एका टोकाला बंद. आत चिमूटभर पूड टाकायची आणि ठिणगी द्यायची. त्यातून गोळी निघत नव्हती, छर्रा निघत नव्हता. निघायचा फक्त आवाज. तो असा, की माकडंच काय, शेजारच्या वावरातले बैलही दावं तोडायचे. बाबाराव खूश झाले. आसपासचे बागाईतदार जठारपेठेत येऊ लागले.

यथावकाश फाइल माझ्याकडे आली. ही बंदूक आहे काय, असं आम्ही पोलिसांना विचारलं. त्यांनी कळवलं, गोळी नाही, सबब सदर वस्तू बंदूक नाही. फटाका आहे काय ते संबंधितांना विचारावं. संबंधितांनी कळवलं, कागद नाही, वात नाही, सबब सदर वस्तू फटाका नाही. शेतीचं अवजार आहे काय ते कृषी खात्याला विचारावं. कृषी खात्यानं कळवलं की अवजार आहे, आणि यंदाच्या प्रदर्शनात त्याचा स्टॉल ठेवता येईल काय?

स्टॉल लागला. मिस्त्रींनी इस्त्रीचा पठाणी घातला होता. उद्घाटनाला आमचेच साहेब होते. त्यांनी कानावर हात ठेवून आवाज ऐकला, आणि "स्थानिक प्रतिभेला वाव" असं काहीसं बोलून मिस्त्रींना शाल आणि नारळ दिला. मिस्त्रींनी नारळ माझ्या कानाशी हलवून दाखवला. "सरकारी हाय ताई, तरी आत पानी हाय."

त्यानंतरचा उन्हाळा आमच्याकडच्या उन्हाळ्यासारखा गेला. बाबारावांनी पाइप बांधावर ठेवला होता, तो तिथेच पडून राहिला. आपल्याकडे वैशाखात प्लॅस्टिकची बादली उचलली तर कडी हातात येते आणि बादली खाली राहते, हे कोणालाही माहीत आहे. मिस्त्रींनाही माहीत होतं. आंब्या बहाराची संत्री रंगावर आली, माकडं आली, आणि बाबारावांनी पाइप खांद्याशी धरला.

कचेरीत उभे राहून मिस्त्री तेच पुन्हा पुन्हा सांगत होते. "लोखंडाचा केला असता त नसता फुटला. म्या जानत होतो. पन लोखंडाचा केला असता त ते बंदूक झाली असती."

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

"लिवा," ते म्हणाले.

"काय लिहू?"

"मी सांगतो ते. तुमी लिवलं त म्या पुन्हा रस्ता काढीन."

मी कागद घेतला. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. आवाजासाठी बनवलेली कोणतीही नळी, मग ती लोखंडाची असो, प्लॅस्टिकची असो की बांबूची. तिच्यात भरायची पूड सुटी विकणं. सुटे भाग वेगळे विकून घरी जोडायला लावणं. या सगळ्याला बंदी. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबायचे, आपणच त्यातून कसे निसटलो असतो ते सांगायचे, आणि मी ती फट बुजवायचे. शेवटी ते म्हणाले, "आता लिवा, बंदूक दुरुस्तीवाल्याच्या दुकानात पाइपाचा तुकडा बी सापडला त त्याचा परवाना रद्द."

"मिस्त्री, अशा दुकानात पाइप ठेवणारे या जिल्ह्यात तुम्ही एकटेच आहात."

"म्हनूनच सांगून राहिलो. मी सुधरीन असं तुमाले वाटते का?"

साहेबांना मसुदा फार आवडला. त्यांनी त्यात "तात्काळ" हा एक शब्द घातला आणि सही केली. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला.

आदेशाची अंमलबजावणी जठारपेठेपासून सुरू झाली. पथकाला दुकानात पाइप सापडला नाही. मिस्त्रींनी सगळे आधीच स्वतः कापून फेकले होते. रिकाम्या हातानं परतणं पथकाला बरं दिसेना, म्हणून दुकानामागच्या मोरीचा पाइप उखडून पंचनामा करण्यात आला. परवाना गेला. शेजाऱ्यांनी मिस्त्रींना सांगितलं, अपील करा, मोरीचा पाइप कुठल्या आदेशात बसतो? त्यात एवढा मोठा रस्ता होता की माझ्यासारखीलाही दिसत होता. मिस्त्रींनी अपील केलं नाही. दुकानातलं घाणेरडं पाणी बरेच दिवस रस्त्यावर येत होतं, त्याबद्दल त्यांना नगरपालिकेची वेगळी नोटीस मिळाली.

पुढच्या बहाराला बाबाराव मिस्त्रींच्या घराच्या ओट्यावर आले. मी मिस्त्रींच्या बायकोकडे, भाभींकडे, आले होते, आत बसले होते. बाबाराव दार न वाजवताच बोलायला लागले.

"काहून बे मिस्त्री, दवाखान्यात बी आला नाई, घरी बी आला नाई. मेला का?"

मिस्त्री बाहेर ओट्यावर गेले.

"डोया माहा गेला, अन् तोंड तू लपवून राहिला. हे पाय, माकडं पुन्हा आले. एका डोयानं बी तेवढेच दिसतेत. मले दुसरा पाइप बनवून दे."

"नाई."

"मी सावलीत ठेवीन. पोत्यात गुंडाळून ठेवीन."

"नाई म्हनलं ना बाबाराव."

"कायद्याले भेते का? तू? कोनं लिवलं असं, का बाबारावले पाइप देऊ नोको म्हनून?"

"म्याच लिवलं," मिस्त्री म्हणाले.

मग बाबाराव म्हणाले, "तुह्यासारखा बेक्कल मानूस नाई पायला. पानी दे." मिस्त्री पाणी आणायला आत आले. माझ्यासमोरून गेले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. लोटा भरताना त्यांचा हात ओला झाला, तो त्यांनी डोळ्यांवरून फिरवला.

त्यानंतर मिस्त्रींना फार दिवस मिळाले नाहीत. छातीत कळ आली, सर्वोपचार रुग्णालयात नेईपर्यंत संपलं होतं. जनाज्याला बाबाराव होते. खांदा देताना गेलेल्या डोळ्याच्या बाजूचा रस्ता त्यांना दिसेना, म्हणून दुसऱ्या कोणीतरी त्यांना हाताला धरून पलीकडे नेलं, असं भाभींनी मला सांगितलं.

मी निवृत्त झाले आणि अमरावतीला राहायला आले. आदेश अजून लागू आहे. तो इतर जिल्ह्यांनीही मागवून घेतला, आणि त्यात अजून कोणाला फट सापडलेली नाही. खाली साहेबांची सही आहे.

बाबाराव बागेत तेलाचा रिकामा डबा काठीनं वाजवतात. माकडं थोडी सरकतात आणि पुन्हा येतात.