फरदीनला जिथे सोडलं ते बेट

दुबईच्या अल कुसैस भागात राहणारा इद्रीस मूळचा रत्नागिरीच्या राजिवड्याचा, मासेमारीतला माणूस. १९९९ साली तिथल्याच याकूबशेठ नावाच्या एजंटाने त्याला आणि त्याचा मेव्हणा फरदीनला एका जहाजावर चढवलं. मासे ओमानच्या पाण्यात धरायचे, असं सांगितलं होतं. जहाज मात्र दक्षिणेला जातच राहिलं, पार बर्फाच्या समुद्रापर्यंत.

तिथे मासेमारीला बंदी होती. गस्तीवाल्यांना दिसू नये म्हणून कप्तान रेडिओ बंद करून एका ओसाड बेटाच्या आडोशाला दडायचा. त्या बेटावर ना माणूस, ना झाड. मधोमध ज्वालामुखीचा डोंगर, बहुतेक वेळ ढगात बुडालेला. त्याच्या अंगावरून बर्फाच्या नद्या थेट समुद्रात उतरायच्या. बर्फाचा कडा कोसळला की तोफ डागल्यासारखा आवाज व्हायचा. पूर्वेला काळ्या वाळूची लांब पट्टी पाण्यात घुसलेली. पश्चिमेचा वारा थांबायचं नावच घेत नसे.

दोर ओढायच्या यंत्रात फरदीनचा हात सापडला. जखम चिघळली, ताप चढला. रेडिओ लावा, गस्तीच्या जहाजावर डॉक्टर असेल, म्हणून इद्रीसने कप्तानाचे पाय धरले. पकडले गेलो तर जहाज जप्त होईल, असं म्हणत कप्तानाने पाय सोडवून घेतले. फरदीन गेला. निदान त्या वाळूत दफन करू द्या, ही विनवणीही लाटांचं कारण सांगून उडवून लावली. मय्यत पाण्यात सोडली.

इद्रीस दुबईला परत आल्यावर त्याची बायको साजिदा हिने एकच विचारलं, माझ्या भावाची कबर कुठे आहे? त्याने तिला ते बेट सांगितलं, डोंगरापासून वाळूपर्यंत. मग तो तडक याकूबशेठच्या ऑफिसात गेला.

शेठने चहा मागवला. "खलास, इद्रीस. अल्लाची मर्जी. जिथे माणूसच राहत नाही, तिथे डॉक्टर कुठून येणार?"

इद्रीसने पेला टेबलावर उपडा केला. "माणूस राहत नाही, म्हणूनच तुम्ही आम्हाला तिथे नेता. बघायला कोणी नसतं."

त्यानंतर प्रत्येक सुट्टीच्या दिवशी तो ऑफिसच्या जिन्याशी उभा राहू लागला. पासपोर्ट घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला अडवून तो बर्फ, तो वारा, तो हात सांगायचा. शेठने व्हिसा रद्द करायची धमकी दिली, तेव्हा साजिदाही शेजारी येऊन उभी राहिली. तिच्यासमोरून जाताना शेठची मान वर होत नसे.

माणसं जिन्यावरूनच परत फिरू लागली. शेठने गुपचूप ऑफिस शारजाला हलवलं. इद्रीसने पत्ता काढला. आता जाऊ दे ना, असं शेजारणीने सुचवलं, तेव्हा साजिदा चप्पल घालत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"यल्ला, चला, बस चुकेल."