दिवस मावळायच्या आत

मी मुलांसाठी कादंबऱ्या लिहिते, जग संपल्यानंतरच्या. त्यात शहरं बुडालेली असतात, वीज कायमची गेलेली असते आणि एखादी पोरगी पाठीवर दप्तर टाकून कोरडी जमीन शोधत निघालेली असते. परवा रहिमतपूरच्या एका शाळेत बोलायला गेले होते. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या समद्या पुस्तकांत पोरगी शेवटाला घरी पोचतीच. खरं तसं हुतंय व्हय?" वर्ग हसला. मीही हसले आणि काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. साताऱ्याला परत येताना एसटीत मात्र रडू आवरेना. शेजारच्या बाईंनी न विचारता खिडकी उघडून दिली.

आमचं घर सांगलीत, नदीकडच्या गल्लीत होतं. बैठं घर, वर नुसता स्लॅब. मागच्या महापुराचं पाणी स्वयंपाकघरात जिथवर चढलं होतं तिथं आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लाल ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवली होती. गल्लीत घरोघरी अशी रेघ होती आणि लोकांना तिचं कौतुकच होतं. "तुमची कमरेला, आमची छातीला," असं पाहुण्यांना सांगायचे. कृष्णा फुगली की सामान रेघेच्या वर चढवायचं आणि पाणी उतरेपर्यंत खाटेवर खाट टाकून घरातच बसायचं, अशी आमची रीत. त्या वर्षी घरं सोडा म्हणून लाउडस्पीकरची गाडी ओरडत गेली, तेव्हा आप्पांनी भिंतीकडं बोट दाखवलं. "अजून लय खाली हाय," म्हणाले. रेघेला पाणी घाबरतं असंच जणू आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मी तेव्हा अकरावीत होते. विश्रामबागला क्लास सुटला की फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणायची, आणि तीही एकाच जातीची. जग बुडालं, जग जळालं, उरलेल्या पोरासोरांनी कसं निभावलं. विस्तव कसा करायचा, पाणी कसं शोधायचं, मला सगळं तोंडपाठ. आई म्हणायची, "जग बुडालं तर तूच वाचीव बाई आमाला. तवर एवढं धुणं वाळत घाल."

आम्ही जैन. आईचा चातुर्मासाचा नेम कडक होता. पाणी गाळून, उकळलेलंच प्यायचं, आणि दिवस मावळल्यावर तेही नाही. तिच्या मूत्रपिंडाचं दुखणं जुनं होतं. पाणी भरपूर प्या, असं डॉक्टर दरवेळी बजावायचे. म्हणून ती पहाटे उठून मोठं पातेलंभर पाणी उकळायची आणि दिवसभर तांब्यानं पीत राहायची. पूर येणार म्हटल्यावर तिनं शेगडी, काडेपेटी आणि ते पातेलं नीट झाकून फळीवर ठेवलं. फळी अर्थातच रेघेच्या वर होती.

पाणी उजाडायच्या सुमारास आलं आणि रेघ गिळून वर गेलं. फळीवरचं पातेलं तरंगत दाराकडं गेलेलं मी पाहिलं. आम्ही हाताला लागेल ते घेऊन स्लॅबवर चढलो. आप्पांनी कागदांची पिशवी घेतली. आईनं एक रिकामं भगुलं आणि पाणी गाळायचं फडकं. माझं पुस्तकांचं दप्तर जिन्यातल्या खुंटीला होतं, ते मी ओढलं.

तो सगळा दिवस पाऊस होता. प्लास्टिकच्या कागदाखाली आम्ही तिघं. शेजारच्या स्लॅबवर माणदेशातून येऊन सांगलीत मेंढ्यांचा व्यापार करणारं कुटुंब होतं. त्या घरातल्या काकांनी पाण्याच्या दोन बाटल्या आमच्याकडं फेकल्या. "पाणी न्हाई म्हणून गाव सोडलं वहिनी, आन् हितं बघा," ते म्हणाले. आई हसली, पण बाटलीला हात लावला नाही.

"अगं, पी की," आप्पा म्हणाले. "एवढ्यापुरता सोड नेम. देव काय बघाय बसलाय व्हय?"

"देव न्हाई बघत. पर मला ठावं हाय न्हवं," ती म्हणाली.

होड्या यायच्या आणि तान्ही पोरं, म्हातारी माणसं घेऊन जायच्या. परत येतो म्हणायच्या. आमची पाळी काही लागेना. दुसऱ्या दिवशी आईच्या पायांवर सूज आली, ओठ पांढरे पडले. दुपार कलल्यावर पावसानं जरा उघडीप दिली आणि मी काकांना हाक मारली. त्यांनी पिशवीत गुंडाळून काडेपेटी फेकली. कठड्याच्या पडक्या विटा होत्या, त्यांची मी चूल मांडली. लाकूड सगळं भिजलेलं. दप्तर उघडलं तर आतली पुस्तकं मधोमध कोरडी होती.

आईनं उठून बसून बाटलीतलं पाणी फडक्यातून भगुल्यात गाळलं. आमच्यात गाळल्यावर फडक्यावर राहतं ती जिवाणी जिथलं पाणी तिथंच परत सोडायची असते, त्यातले जीव मरू नयेत म्हणून. आता बाटलीची विहीर कुठं शोधायची? तिनं क्षणभर विचार केला, फडकं उलटं करून वर चूळभर पाणी ओतलं आणि जिवाणी हळूच पुरात सोडली. आमचं घर गिळून बसलेल्या नदीला ती जपून जीव परत देत होती. मला तिचा भयंकर राग आला. अजूनही येतो. आणि तितकीच माया दाटून येते, त्याला काय करू?

कागद पटकन जळतो, पाणी काही पटकन तापत नाही. मी पानं पिळून, वेटोळी करून घालत होते. धुरानं डोळे चुरचुरत होते. आई आप्पांच्या मांडीवर डोकं टेकून विचारायची, "ह्यात काय हुतंय?" मी सांगायचे. पाण्याच्या टाकीसाठी माणसं कशी एकमेकांच्या जिवावर उठतात, ते.

"पाण्यासाठी? कुणीच कुणाला देत न्हाई व्हय?" तिनं शेजारच्या स्लॅबकडं पाहिलं. "कुणी लिवलंय गं हे?"

शेवटचं पुस्तक मी अर्धंच वाचलं होतं. त्यातली पोरगी आईपासून तुटलेली, बर्फातून घराकडं निघालेली.

"पोचती का ती?" आईनं विचारलं.

"वाचलं नाही अजून."

"मग बघ की."

हातात शेवटची थोडी पानं उरली होती. भगुल्याच्या तळाशी बुडबुडे धरू लागले होते, जाळ मंद होत होता. मी पानांकडं न बघता ती आत सारली. पाणी उकळलं. चांगलं खळखळून उकळलं. मी ओढणीच्या पदरानं भगुलं उतरवलं आणि वळले.

आईनं आधी आभाळाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. पलीकडच्या पाण्याच्या टाकीमागं दिवस गेला होता.

"झाकून ठेव," ती म्हणाली. "सकाळी पिते."

मी किंचाळले. काय काय बोलले ते लिहवत नाही. आप्पा लहान मुलासारखे रडत होते, तिचे पाय धरून म्हणत होते, "मी हात जोडतो, पी गं." तिनं माझ्या गालावरची काजळी पुसली. "लय दमलीस. तू तरी घोटभर पी," म्हणाली. मी नाही प्यायले. भगुल्यावर फडकं टाकलं आणि त्याला टेकून बसून राहिले.

उजाडल्यावर मी पाणी चमच्यानं तिच्या तोंडात घातलं. ते ओठाच्या कडेनं गळ्यावर उतरलं. तिचे डोळे अर्धे उघडे होते, पण ती मला ओळखत नव्हती. होडी आली. मिरजेच्या दवाखान्यात तिनं आणखी काही दिवस काढले, पण शुद्धीवर आली नाही.

पाणी उतरल्यावर गल्लीतल्या लोकांनी नव्या रेघा मारल्या. आप्पांनी मारली नाही. जुनी होती तीही खरवडून काढली आणि घर विकलं.

ते पुस्तक मी पुन्हा कधी शोधलं नाही. मिळालं असतं. पण त्यातली पोरगी पोचत नसली तर? त्यापेक्षा मी स्वतः लिहायला लागले. रहिमतपूरच्या त्या मुलीला सांगायचं राहिलं, की नाही गं, खरं तसं होत नाही. पण माझ्या आईनं विचारलं होतं. म्हणून प्रत्येक पुस्तकात मी त्या पोरीला घरी पोचवते, आणि दिवस मावळायच्या आत पोचवते.